कोपऱ्यातला अंधार

मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या माझ्या आत्याच्या मांडीवरून उतरतात आणि तिच्या हातातल्या वाटाण्याच्या शेंगेपाशी येऊन थांबतात. असा एक फोटो माझ्याकडे आहे. चौकोनी, काळा-पांढरा, चारही कोपऱ्यांत काळोखलेला. मधोमध आत्याचा चेहरा स्पष्ट आहे, कानातल्या कुड्यांचे मोती मोजता येतील इतका. तिथून नजर कडेकडे नेली की सगळं विरघळत जातं. डाव्या कडेला उभा पांढरट पट्टा आहे, कारण तिथून कॅमेऱ्यात उजेड शिरला होता. आणि आत्याच्या नऊवारीच्या निऱ्यांवर कृष्णेचं पाणी चमकतंय.

हा फोटो मी ठरवून काढलेला नाही. सकाळी नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर गेले होते, तिथे एक फोटो घेतला. वाईला घरी परतले तर आत्या ओसरीवर सूप पुढ्यात घेऊन शेंगा सोलत बसली होती. "अगं, अशा अवतारात नको काढूस," असं ती म्हणेपर्यंत मी खटका दाबलासुद्धा. मधल्या वेळात रोल पुढे सरकवायचा राहून गेला होता. चांगल्या कॅमेऱ्याने मला अडवलं असतं, कारण त्यात रोल पुढे गेल्याशिवाय खटका दबतच नाही. माझ्या हातात होता तो होल्गा. तो अडवत नाही. फिल्मच्या एकाच चौकटीवर सकाळचा घाट आणि दुपारची आत्या एकमेकांवर उमटले. महिन्याभराने रोल धुऊन आला, निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा काय झालं ते कळलं.

मोबाइलवर मी हजारो फोटो काढले आहेत. घरातल्या भिंतीवर चौकटीत बसला तो हा एकच. असं का झालं, याचा शोध घेताना मला स्वस्तातल्या फिल्म कॅमेऱ्यांची गोडी लागली. या कॅमेऱ्यांतून जे उमटतं त्यातली प्रत्येक 'चूक' कुठल्या ना कुठल्या साध्या भौतिक कारणाने होते, आणि ते कारण कळलं की फोटो जास्तच आवडायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

आधी होल्गाबद्दल. १९८२ साली टी. एम. ली यांनी तो हाँगकाँगमध्ये तयार केला. चीनमधल्या सामान्य माणसाला परवडेल असा कॅमेरा हवा होता, आणि तिथे तेव्हा १२० नंबरची काळी-पांढरी फिल्म सहज मिळत असे. म्हणून त्याच फिल्मवर चालणारा प्लॅस्टिकचा कॅमेरा. कँटनीज भाषेत 'हो ग्वोंग' म्हणजे खूप उजेड, त्यावरून नाव पडलं होल्गा. ज्या बाजारासाठी तो बनवला, तिथे लवकरच ३५ मिलिमीटरची फिल्म आली आणि १२० मागे पडली. होल्गाला खरे चाहते मिळाले ते देशाबाहेर, छायाचित्रण शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांत.

हातात घेतला तर तो खेळणंच वाटतो. आवरण प्लॅस्टिकचं, आणि बहुतेक होल्गांचं भिंगही प्लॅस्टिकचं. मागचं झाकण दोन पत्र्याच्या चिमट्यांवर उभं, आणि गळ्यातला पट्टाही त्याच चिमट्यांत ओवलेला. त्यामुळे कॅमेरा गळ्यात हेलकावत राहिला तर चिमटा सरकून झाकण पडू शकतं. सगळे होल्गावाले म्हणूनच चिमट्यांवर काळी चिकटपट्टी लावतात. अंतर ठरवायला भिंगाभोवती चार चित्रं आहेत. एक माणूस म्हणजे साधारण १ मीटर, तिघेजण म्हणजे २, घोळका म्हणजे ६ आणि डोंगर म्हणजे त्यापलीकडचं सगळं. शटरचा वेग एकच, सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. वर ऊन आणि ढग अशी दोन चित्रं असलेली एक कळ आहे. ती उन्हावर सरकवली की भिंगामागचं छिद्र लहान व्हायला हवं. सुरुवातीच्या होल्गांमध्ये ही कळ सरकायची, पण फरक काहीच पडायचा नाही, कारण कळीबरोबर पुढे येणाऱ्या पट्टीतलं भोक तिच्या मागच्या कायमच्या छिद्रापेक्षा मोठं होतं. ऊन असो, ढग असो, उजेड तितकाच आत जाई.

मग फोटो येतात तरी कसे? इथे श्रेय फिल्मचं आहे. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे: कडक उन्हात छिद्र १६ वर ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका ठेवा. म्हणजे ४०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा चारशेवा भाग. होल्गाचं छिद्र प्रत्यक्षात १३ च्या आसपास भरतं (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) आणि वेग शंभरावा भाग. हिशेब केला तर भर दुपारी ४०० च्या फिल्मवर गरजेच्या सहापट उजेड पडतो. काळी-पांढरी निगेटिव्ह फिल्म हे पोटात घालते. उजेड वाढत गेला तरी तिच्यावरची चांदी एकदम काळी होऊन बसत नाही, हळूहळू दाट होत जाते, आणि दाट निगेटिव्हमधूनही प्रिंट काढता येते. उलट दिशेला मात्र ती क्षमा करत नाही. उजेड कमी पडला तर त्या जागी काही उमटलेलंच नसतं, आणि जे उमटलं नाही ते धुणाऱ्याला आणता येत नाही. म्हणून साध्या कॅमेऱ्यात अडाणी माणसानेही पाळावा असा एकच नियम: घरात काढू नका, अंगणात या. आपल्या जुन्या अल्बममधले बहुतेक फोटो अंगणातले, गच्चीवरचे, देवळाबाहेरचे का असतात, त्याचं हे कारण आहे.

आता त्या विरघळलेल्या कडा. भिंगाची पृष्ठं म्हणजे गोलाचा तुकडा. अशा भिंगाच्या मध्यातून गेलेले किरण एका अंतरावर एकत्र येतात, आणि त्याच भिंगाच्या कडेने गेलेले किरण त्याच्या थोडं अलीकडेच एकत्र येतात. त्यामुळे समोरच्या एका बिंदूचा फिल्मवर नेमका बिंदू होत नाही, बिंदू आणि त्याभोवती हलकं धुकं असं काहीतरी होतं. शास्त्रात याला गोलीय विपथन म्हणतात. महागड्या कॅमेऱ्याच्या भिंगात पाच-सात काचा एकामागे एक बसवलेल्या असतात. एकीचा दोष दुसरी खोडून काढते. होल्गात खोडायला दुसरी कुणी नाही. छिद्र बारीक ठेवलं की कडेचे किरण अडतात आणि दोष बराच झाकला जातो, म्हणून स्वस्त कॅमेऱ्यांची छिद्रं पहिल्यापासून बारीकच.

दुसरा दोष यापेक्षा गमतीचा आहे. एका भिंगाला सपाट भिंतीचं चित्र सपाट उमटवता येत नाही. ते वाटीच्या आतल्या बाजूसारख्या वळणावर उमटतं. फिल्म मात्र सपाट ताणलेली. मध्यावर जुळवलं की कडेला सुटतं. याला एक देखणा उपाय जर्मनीतल्या आग्फाच्या कारागिरांनी केला होता. १९५४ मध्ये आलेल्या त्यांच्या 'क्लॅक' नावाच्या साध्या कॅमेऱ्यात फिल्मच वाकवून बसवलेली आहे. चित्र वाकडं पडतं ना, मग फिल्मही तशीच वाकवू. भिंगात काचा वाढवण्यापेक्षा पत्रा वाकवणं स्वस्त. एका भिंगाच्या कॅमेऱ्यातही त्या काळी किती डोकं लावलेलं असे, हे क्लॅक उघडून आत बोट फिरवलं की कळतं.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यांत प्रिय, कोपऱ्यातला अंधार. दुपारी बाराचं ऊन अंगणावर सरळ पडतं आणि संध्याकाळचं तिरकं. तेच ऊन तिरकं झालं की जास्त जागेत पसरतं आणि फिकं पडतं. भिंगातून फिल्मच्या मध्यावर जाणारा उजेड दुपारच्या उन्हासारखा सरळ, आणि कोपऱ्यात जाणारा संध्याकाळसारखा तिरका. शिवाय कोपरा भिंगापासून लांब. शिवाय तिरक्या बाजूने पाहिलं तर गोल छिद्र लंबगोल, म्हणजे लहान दिसतं. होल्गाचं भिंग ६० मिलिमीटरचं आणि चौकट ५६ मिलिमीटरची, म्हणजे मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कोन साधारण ३३ अंश होतो. एवढ्या कोनाला, भिंग कितीही चांगलं असलं तरी, नुसत्या भूमितीमुळे कोपऱ्यात मध्याच्या जवळपास निम्माच उजेड पोचतो. त्यावर होल्गाच्या भिंगाची नळी उरलेल्यातला थोडा उजेड आणखी अडवते.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र पाहा. स्पष्टता मध्यावर, उजेड मध्यावर. कडेला सगळं मऊ आणि काळोखं. देवघरात समई लावल्यावर देवाचा चेहरा उजळतो आणि कोनाड्याच्या कडा अंधारात राहतात, तशी ही उजेडाची मांडणी आहे. ज्याच्यासाठी फोटो काढायचा त्याला मधे उभं करायचं, हे कुणी न शिकवता घरातले सगळे करत आले, आणि साध्या भिंगानेही नेमकी तिथेच आपली सारी ताकद लावली.

पांढऱ्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. १२० च्या फिल्मच्या पाठीशी काळा कागद असतो, आणि त्या कागदावर आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या मागे लाल काचेची किंवा लाल प्लॅस्टिकची बारीक खिडकी असते. घुंडी फिरवत राहायचं आणि खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. ही रचना फार जुनी आहे. १२० ची फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढली, तेव्हाही ती होतीच. खिडकी लालच का? कारण त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल उजेड आत गेला तरी फिल्मच्या दृष्टीने तो अंधारच. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली आणि खिडकी मात्र लालच राहिली. म्हणून आजच्या फिल्मवर त्या खिडकीतून उजेड पाझरतो. त्यातच होल्गाच्या आत रोल सैल गुंडाळला जातो, त्यामुळे कागदाच्या आणि फिल्मच्या कडेमध्ये फट राहते आणि बाजूनेही उजेड शिरतो. तो रोखायला खिडकीवर काळी पट्टी लावायची, आकडा पाहण्यापुरती सावलीत उचलायची, आणि रीळ घट्ट बसावं म्हणून त्याच्या खाली पुठ्ठ्याची घडी सारायची. मी हे सगळं आता करते. पण त्या वाईच्या रोलला केलं नव्हतं, आणि तो पट्टा मला आज काढून टाकावासा वाटत नाही. त्या दिवशी कृष्णेच्या काठावर ऊन कसं होतं, याची ती खूण आहे. भिंगाला वळसा घालून थेट फिल्मपर्यंत आलेली.

स्वस्त कॅमेऱ्याची ही परंपरा होल्गापेक्षा बरीच मोठी आहे. १९०० साली कोडॅकने ब्राउनी आणला, तेव्हा त्याची किंमत होती एक डॉलर. पुठ्ठ्याची पेटी, पुढे एक भिंग, बस्स. तोवर फोटो काढणं हा पैसेवाल्यांचा आणि स्टुडिओवाल्यांचा उद्योग होता. पहिल्याच वर्षी लाखाच्या वर ब्राउनी खपले आणि शाळकरी पोरं फोटो काढू लागली. त्यांतलाच एक पोरगा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. १९१६ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, योसेमिटीच्या खोऱ्यात आईवडिलांबरोबर गेला आणि वडिलांनी त्याच्या हातात ब्राउनी दिला. हाफ डोम नावाच्या कड्याचा फोटो घ्यायला तो एका कुजक्या बुंध्यावर चढला, बुंधा मोडला, आणि डोक्यावर पडता पडता त्याच्याकडून खटका दाबला गेला. कडा उलटा आला. पुढे हाच माणूस निसर्गछायाचित्रणातल्या काटेकोरपणाचा आदर्श ठरला, उजेडाच्या एकेका छटेचा हिशेब मांडणारा. पण तो उलटा फोटो त्याने जपून ठेवला आणि आत्मचरित्रात त्याबद्दल प्रेमाने लिहिलं.

साठच्या दशकात हाँगकाँगमध्येच 'डायना' नावाचा आणखी स्वस्त कॅमेरा निघाला. नॅन्सी रेक्सरॉथ या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९७० पासून काही वर्षं डायनानेच काम केलं आणि १९७७ मध्ये 'आयोवा' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. फोटो बहुतेक ओहायो राज्यातले आहेत, पण लहानपणी आयोवात नातेवाइकांकडे घालवलेल्या उन्हाळ्यांवरून तिने पुस्तकाला ते नाव दिलं. लाकडी घरं, अंगणं, पडदे, एखादी पाठमोरी आकृती, सगळं झोपेतून अर्धवट जागं होताना दिसतं तसं. तिच्या हातात उत्तम जर्मन कॅमेरा असता तर ओहायोतली घरं ओहायोतलीच राहिली असती, असं मला ते फोटो पाहताना वाटतं. डायनाच्या भिंगाने त्यांच्यावरचा पत्ता पुसला, म्हणून ती तिच्या आठवणीतली घरं होऊ शकली.

कुणी म्हणेल, हे कलावंतांचं झालं. तर डेव्हिड बर्नेटचं उदाहरण घ्या. व्हिएतनाम युद्धापासून जगभरच्या घडामोडी टिपलेला हा वृत्तछायाचित्रकार २००० सालच्या अमेरिकी निवडणुकीत अल गोर यांच्या सभांना गळ्यात महागड्या कॅमेऱ्यांबरोबर एक होल्गाही घेऊन जाई. गोर यांचा त्याने होल्गाने काढलेला फोटो व्हाइट हाउसच्या वृत्तछायाचित्रकारांच्या स्पर्धेत पुढल्या वर्षी पारितोषिक घेऊन गेला. शेजारी उभ्या डझनभर लोकांकडे बर्नेटइतकेच चांगले कॅमेरे होते आणि सगळ्यांचे फोटो सारखेच धारदार येत होते. होल्गाने गर्दीतला एक माणूस वेगळा काढून दाखवला.

लोमोचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं, म्हणून दोन वाक्यं. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यात १९८४ पासून बनणारा एलसी-ए कॅमेरा व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना १९९१ मध्ये प्रागच्या दुकानात सापडला, आणि त्यातून पुढच्या वर्षी निघालेल्या संस्थेने स्वस्त फिल्म कॅमेऱ्यांची जगभर लाट आणली. पण लोमोचं भिंग काचेचं आहे आणि तो उजेड आपला आपण मोजतो. साध्या कॅमेऱ्यांच्या पंगतीत तो बसवणं मला पटत नाही.

आपल्याकडे ही पंगत मांडली आग्फाच्या 'क्लिक थ्री'ने. तो भारतातच तयार होई. काळा, चौकोनी, मुठीत मावेल न मावेल असा. ऊन आणि ढग अशी चित्रं त्याच्यावरही. १२० च्या एका रोलमध्ये बारा फोटो. साठच्या दशकापासून पुढे वीस-पंचवीस वर्षं मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा म्हणजे क्लिक थ्री, आणि तोही कित्येकदा शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. फिल्मही देशी मिळे. उटीला १९६० मध्ये सरकारी मालकीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली, १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं, आणि 'इंदू' नावाने तिची काळी-पांढरी फिल्म विकली जाऊ लागली. बारा फोटो म्हणजे गणपतीत दोन, दिवाळीत तीन, कुणाच्या मुंजीत चार, आणि उरलेले "संपवून टाकूया म्हणजे धुवायला देता येईल" म्हणून गच्चीवर काढलेले. गावातला फोटो स्टुडिओ रोल धुऊन देई आणि निगेटिव्हच्याच आकाराच्या, पांढरी किनार असलेल्या छोट्या चौकोनी प्रिंट मारून देई. त्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये कागदी त्रिकोणांत बसवल्या जात.

वाईचा तो फोटो मी आत्याला दाखवला तेव्हा मला वाटलं, ती म्हणेल हे काय काढलंस. तिने चष्मा लावला, फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "आमच्या वेळचे सगळे असेच यायचे. आम्हाला वाटायचं फोटो म्हटला की असाच असतो." मग आतून अल्बम आणला. मी तो अल्बम लहानपणापासून पाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा कोपरे पाहिले. आजोबांच्या मागची तुळस मऊ झालेली. मांडीवरचं बाळ स्पष्ट आणि मांडी घालून बसलेल्या काकूच्या पदराचं टोक विरघळलेलं. चारही बाजूंनी अंधार आत येऊ पाहतोय आणि मधे आपली माणसं उजेडात आहेत.

जुने दिवस आपल्याला धूसर, कडांना विरलेले दिसतात आणि आपण त्याला आठवणींचा स्वभाव समजतो. माझा समज आता असा झालाय की त्यातला निदान काही भाग एका भिंगाचा स्वभाव आहे. आपल्या घरांचा तीस-चाळीस वर्षांचा भूतकाळ आपण एका साध्या भिंगातून साठवला. त्या भिंगाचं गोलीय विपथन आजी-आजोबांच्या चेहऱ्याभोवती कायमचं राहिलं, इतकं की आज तसं धुकं दिसलं की आपल्याला ते चेहरे आठवतात. होल्गाचा फोटो मला पहिल्याच नजरेत आपला का वाटला, याचं उत्तर मला आत्याच्या अल्बममध्ये मिळालं.

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये हे सगळं एका बोटावर मिळतं, मग रोलचा खटाटोप कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. रोल, तो धुणं, स्कॅन करणं यांचा खर्च आज कमी नाही, आणि बऱ्याच गावांत धुणारा कुणी उरलेलाही नाही. तरी माझं मत ठाम आहे. अ‍ॅप आधी सगळं लख्ख टिपतं आणि नंतर वरून धूसर करतं; पाचशे फोटोंना एकाच मापाचा अंधार लावतं. फिल्मवरचा पट्टा त्या दुपारी, त्या कोनातून, त्या फटीतून आलेल्या उन्हाने पडलेला असतो. दुसऱ्या कुठल्या फोटोत तो तसा येणार नाही. आणि कोपऱ्यात जे उमटलं नाही ते कुठेच साठवलेलं नाही. बटण दाबून अंधार दूर करता येत नाही. शिवाय बारा फोटो आहेत म्हटल्यावर माणूस बघतो वेगळा. दाबण्याआधी दोन पावलं पुढे जातो, कारण भिंग पुढे येत नाही. ऊन कुठून येतंय ते पाहतो. समोरच्याशी बोलतो. आत्या शेंगा सोलताना मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले होते, एक मीटरवर, एका माणसाचं चित्र लावून. मोबाइलने काढला असता तर दारातूनच काढला असता.

कुणाला सुरुवात करावीशी वाटली तर 'खेळण्यातला' म्हणून चढ्या भावाने विकला जाणारा नवा कॅमेरा घेण्याआधी घरातला माळा पाहावा. १२० ची फिल्म इंग्लंडमधलं इलफर्ड, झेक देशातलं फोमा आणि अमेरिकेतलं कोडॅक आजही बनवतात, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा क्लिक थ्री आजही चालतो. भिंग मऊ सुती कापडाने हलकेच पुसावं, खटका दहा-वीस वेळा दाबून मोकळा करावा, कडक उन्हासाठी १०० ची फिल्म घ्यावी, ढगाळ दिवसांसाठी ४०० ची. पहिल्या रोलमधले बारापैकी चार बरे आले तरी सुरुवात चांगली झाली म्हणायची.

आत्याच्या माळ्यावर तिच्या सासऱ्यांचा क्लिक थ्री निघाला, चामड्याच्या फाटक्या कव्हरात. मागच्या लाल खिडकीत ७ हा आकडा दिसत होता. म्हणजे आत रोल होता, आणि कुणीतरी सातव्या फोटोवर थांबलं होतं. अशा फिल्ममध्ये काही टिकतं का? टिकू शकतं. १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघालेले आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तीन स्वीडिश साहसवीर परतले नाहीत. १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले, बरोबर कॅमेऱ्याची फिल्मही. ३३ वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्ममधून जॉन हर्ट्झबर्ग यांनी ९३ फोटो बाहेर काढले. आपल्याकडचा माळा काही ध्रुवावरचा बर्फ नव्हे. उष्णतेने आणि पावसाळी हवेने फिल्म करपते, तिच्यावर बुरशी चढते. आमच्या रोलमधल्या सातपैकी दोनच फोटो आले. एकात पडवीतली रिकामी आरामखुर्ची आहे. दुसऱ्यात दारात उभी असलेली आत्या, विशीतली, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे हात आडवा धरलेली. तो फोटो काढलेला तिला आठवत नव्हता.

तुमच्या घरी असा कॅमेरा सापडला तर एवढं करा. मागच्या खिडकीत आकडा किंवा कागद दिसतो का पाहा. दिसत असेल, किंवा घुंडी फिरवताना आत काही ओढलं जातंय असं हाताला जाणवत असेल, तर आत रोल आहे. १२० चा कॅमेरा असेल तर घुंडी फक्त पुढच्याच दिशेने, अगदी सावकाश फिरवत राहा. ताण सुटून ती मोकळी फिरू लागली की सगळी फिल्म आपल्या काळ्या कागदात गुंडाळली गेलेली असते. मग अंधाऱ्या खोलीत रोल बाहेर काढा, सैल पडू न देता कागदाचं टोक चिकटवा, काळ्या कागदात बांधा, आणि काळी-पांढरी फिल्म हाताने धुणाऱ्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे न्या. रोल अंदाजे किती वर्षांचा आहे ते पाकिटावर लिहा, म्हणजे तो त्याप्रमाणे धुईल. आणि सगळी फिल्म गुंडाळली जाईपर्यंत, कितीही उत्सुकता वाटली तरी, मागचं झाकण उघडू नका.